येऊन राहिली

आमच्या स्टेशनचा इतिहास लिहायला कुणी बसणार नाही, आणि बसलाच तर त्याला अर्ध्या पानापुरताही मजकूर मिळायचा नाही. छोट्या लाइनीवरचं छोटं स्टेशन. तेव्हा ते नागपूरच्या अगदी कडेला होतं; आता शहर त्याच्या अंगावरून पुढे निघून गेलंय. दगडाची एक खोली, तिच्यातच तिकिटाची खिडकी, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत एक लांबलचक बाक आणि वर टांगलेला रुळाचा हातभर तुकडा. त्या तुकड्यावर लोखंडी दांडा वाजला की मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली, असं साऱ्या वस्तीनं समजायचं. फाटकावर नामदेवकाका होते, माझ्या मैत्रिणीचे, शकूचे वडील. ते सांगायचे की हे स्टेशन माणसांसाठी झालंच नाही. इथे एक विहीर होती, भर उन्हाळ्यातही न आटणारी. इंजिनाला तहान लागते म्हणून कुण्या साहेबानं लाइन विहिरीकडे वळवली, पाण्याचा खांब उभा केला, आणि गाडी थांबतेच आहे तर चार माणसं चढू-उतरू द्या म्हणून मागाहून खोली बांधली. "पैले पानी, मंग टेसन, मंग आपुन," असं म्हणून ते विडी शिलगावायचे. हा इतिहास खरा की खोटा, मला ठाऊक नाही. मला तो पुरेसा वाटतो.

स्टेशनमास्तर म्हणून बाबांची बदली तिथे झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आम्ही वाईकडचे. आईनं त्याआधी नदीशिवायचं गाव पाहिलं नव्हतं, आणि इथे तर उन्हाळ्यात खाटसुद्धा तापायची. क्वार्टर दोन खोल्यांचं, मागच्या दारातून रूळ दिसायचे. गाडी गेली की फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणत, आणि आई ओट्यावर हात ठेवून ते थांबेपर्यंत उभी राही. हळूहळू घराला इथला वास लागला. आंबाडीची भाजी आली, ज्वारीच्या कण्या आल्या, हिवाळ्यात काटोलची संत्री टोपलीनं आली. वस्तीतल्या बायका आईला मास्तरीणबाई म्हणायच्या आणि तिच्या वरणात गूळ असतो म्हणून तिला खूप हसायच्या. आईही हसायची. जेवणाच्या बाबतीत तिचा काही हट्ट नव्हता. हट्ट होता तो बोलण्याचा.

इथल्या बोलीनं पहिल्याच महिन्यात तिची फजिती केली होती. बाजारात सांबार मागितला की कोथिंबीर मिळते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण खरी गंमत झाली ती शकूच्या आईमुळे. पर्वताबाई एका सकाळी धावत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मोठे साहेब येऊन राहिले." आईनं पदर खोचला. साहेब येऊन राहिले म्हणजे मुक्कामालाच आले की. तिनं पेटीतली नवी चादर काढली, पुढच्या खोलीत गादी घातली, उशाशी तांब्या ठेवला, पुरण शिजायला टाकलं. साहेब आले, पडवीत उभ्या उभ्या वही पाहिली, पाणीसुद्धा न पिता त्याच गाडीनं गेले. पर्वताबाई गादीकडे पाहून बुचकळ्यात. "आता कोन झोपून राहिलं, मास्तरीणबाई?" तेव्हा कुठे बाबांनी आईला समजावलं, की इकडे 'येऊन राहिले' म्हणजे येत आहेत. निघालेत, वाटेत आहेत, अजून पोचायचेत. आई खजील होऊन हसली आणि ते पुरण आम्ही तीन दिवस खाल्लं.

नंतर ती सावध झाली. बाहेरचं कुणी 'राहिला', 'राहिली' म्हणालं की ती क्षणभर थांबून मनातल्या मनात उलथापालथ करून घ्यायची. मला मात्र तिनं बजावून ठेवलं होतं, "बाहेर तू काय बोलतेस ते बोल. घरात नीट बोलायचं. निदान स्वतःच्या लेकीचं बोलणं तरी मला उलटं करून घ्यायला लागू नये." मी मात्र वर्षभरातच 'मले', 'तुले' आणि 'का'च्या जागी 'काहून' बोलू लागले होते. शकूशी बोलताना दुसरं काही तोंडात यायचंच नाही. उंबरठ्यावर चप्पल काढतो तशी मी बोली काढून आत यायची आणि कधी विसरले तर आईची चिमटी दंडावर ठरलेली. शकूला हे पाठ होतं. ती घरात यायची नाही. आमच्या खिडकीखाली एक चपटा दगड होता, त्यावर बोरं नाही तर चिंचा खात बसून मला सोडतील तेव्हाची वाट पाहायची.

दुपारच्या गाडीचं एक सुख होतं, ते म्हणजे इंजिनाचं पाणी. गाडी यायची, खांबापाशी इंजिन उभं राहायचं, आणि पाणी भरून होईपर्यंत डायवर खाली उतरून हातपाय मोकळे करायचा. तेवढ्यात क्वार्टरातल्या बायका बादल्या घेऊन जायच्या आणि तो त्यांना इंजिनातलं कढत पाणी सोडून द्यायचा. चिकट भांडी, बाबांचे तेलकट सदरे, आठवड्याची न्हाणी, सगळं त्या पाण्यावर. पाण्याला कोळशाचा किंचित वास असायचा. आमच्या बाजूनं जायचं तर सिग्नलचे कंदील ठेवायच्या दिव्याच्या खोलीला वळसा घालून, उभ्या इंजिनाच्या तोंडापुढून रूळ ओलांडावा लागे, कारण तोटी पलीकडच्या अंगाला. वळसा संपेपर्यंत खांबाकडची लाइन दिसायची नाही. पण गाडी एकदा उभी राहिली की धास्ती कसली. बायका गप्पा मारत, न बघता ओलांडायच्या.

त्या दिवशी सकाळी माझं आणि आईचं वाजलं होतं. शाळेत मला कविता म्हणायला उभं केलं आणि मी 'मला' म्हणायच्या जागी 'मले' म्हणाले, ते बाईंनी आईच्या कानावर घातलं होतं. आई मारायची नाही. तिनं मला समोर बसवून 'मला' हा शब्द पन्नास वेळा म्हणायला लावला, आणि शकूकडे आठ दिवस जायचं नाही असं सांगितलं. मी फुगून खाटेवर पडले होते. रुळाचा तुकडा वाजून बराच वेळ झाला होता. आई स्वयंपाकघरात बादली विसळत होती. तिथूनच तिनं विचारलं, "सुमन, बघ गं, गाडी आली का?"

मी कोपरावर रेलून खिडकीतून पाहिलं. बाभळींच्या पलीकडे धूर दिसत होता. मी म्हणाले, "येऊन राहिली."

एवढंच. तीन अक्षरं आणि तीन अक्षरं. ते मी मुद्दाम म्हटलं की सवयीनं तोंडून गेलं, याचा हिशेब मला साठ वर्षांत लागलेला नाही. तिला डिवचायचं होतं, हे खरं. चिमटी घ्यायला ती आत येईल असंही वाटलं असेल. पण ती आली नाही. सकाळी पन्नास वेळा 'मला' म्हणवून घेतलेल्या लेकीनं घरात उत्तर दिलं होतं, त्यामुळे तिनं ते तिच्या भाषेत ऐकलं. गाडी आली आणि उभी राहिली. मागचं दार वाजलं. आणि मला कळलं की काय झालंय. मी उठायला हवं होतं. हाक मारायला हवी होती. मी पडून राहिले. एक श्वासभरच असेल, पण पडून राहिले.

बाभळींच्या बाजूनं येताना लाइनीला उतार होता आणि डायवर वाफ बंद करून गाडी नुसती घरंगळत आणायचे. मग ती उभ्या इंजिनासारखीच नुसती फुसफुसे. आई दिव्याच्या खोलीला वळसा घालून थेट रुळावर गेली. पलीकडे पर्वताबाई ओच्यात पडलेला कोळसा गोळा करत होत्या. आईला वाचवायला त्यांनी ओच्यासकट धाव घेतली. मला फक्त आवाज माहीत आहेत. शिटी, मग बादली, खडीवरून गडगडत कितीतरी वेळ जाणारी बादली, आणि मग आमच्या फडताळातले पेले किणकिणले. आई रुळापलीकडे कोपर मोडून पडली होती. पर्वताबाई गेल्या. सगळीकडे त्यांच्या ओच्यातला कोळसा सांडला होता, आणि शकू तो एकेक करून वेचत होती. तिला कुणी उठवेना.

चौकशीला दोन साहेब आले. पडवीतल्या बाकावर बसले. नामदेवकाका समोर उभे होते, टोपी हातात घेऊन. त्यांनी बायकांना रुळावर जाऊ दिलं कसं, असा रोख होता, आणि त्यांची नोकरी त्या दुपारी टांगणीला लागली होती. आईला खुर्ची दिली होती. तिचा हात गळ्यात बांधलेला. मी दाराआड उभी. साहेबांनी विचारलं, "बाई, गाडी येत असताना तुम्ही लाइनीवर गेलात कशा? कुणी काही सांगितलं होतं का?"

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती साहेबांना म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

बाबांची मान झटकन वर झाली आणि तशीच खाली गेली. साहेबांनी पुन्हा ओरडून विचारलं, आईनं पुन्हा तेच सांगितलं. "शिटी ऐकू आली नाही. चूक माझी. फाटकवाल्यांचा काही दोष नाही." साहेबांनी लिहून घेतलं. नामदेवकाकांची नोकरी राहिली. माझं नाव कुठे आलंच नाही.

त्या दिवसापासून आई बहिरी झाली. खोटं एकदा बोलून चालत नाही, ते रोज बोलावं लागतं; आईनं ते पुढची पस्तीस वर्षं केलं. वस्तीतल्या बायका तिच्याशी ओरडून बोलू लागल्या. बाबाही ओरडू लागले. पहिल्या हाकेला ती कधी वळली नाही, दुसऱ्या हाकेला वळायची. घरातसुद्धा. मला ठाऊक होतं की हे सोंग आहे. पण सोंग इतकं पक्कं होतं की दोन-चार वर्षांत मला वाटू लागलं, त्या धक्क्यानं तिचे कान खरंच गेले असतील. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं, हे आता लिहायला हरकत नाही. नोकरी लागल्यावर मी तिला कानाचं यंत्र आणलं. तिनं ते डबीतून काढून पाहिलं, छान आहे म्हणाली आणि पुन्हा डबीत ठेवलं.

पर्वताबाई गेल्यानंतर शकू रोज दुपारी आमच्याकडे येऊ लागली, आणि आता घरात येऊ लागली. आई तिला पुढ्यात बसवून तिची वेणी घालायची. तासभर. मी दारातून डोकावले तर दोघी गप्प, फक्त फणीचा आवाज. मला त्या गप्प बसण्याचा मत्सर वाटायचा. माझी वेणी आईनं दोन मिनिटांत आटोपलेली असायची. बायकांनी एव्हाना एक रीत पाडली होती. दिव्याच्या खोलीपाशी आलं की थांबायचं आणि विचारायचं, "पर्वताबाई, जाऊ का वं?" मग दोन्ही बाजूंना बघून ओलांडायचं. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांनाही हे शिकवलं जाई. पाहुण्यांनाही. त्यानंतर त्या स्टेशनात कुणी गाडीखाली आलं नाही.

आई गेली ती नागपुरातच, बेसाच्या माझ्या फ्लॅटमध्ये. शेवटचे काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एका दुपारी मी तिच्या पाठीशी बसले होते. तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक, मी अगदी हळू आवाजात, तिला ऐकू जाणार नाही याची खात्री बाळगून म्हणाले, "आई, तेव्हा मी पडून राहिले. मला कळलं होतं आणि तरी मी पडून राहिले." ती हलली नाही. मला फार मोकळं वाटलं. सांगूनही झालं होतं आणि ऐकलंही कुणी नव्हतं. थोड्या वेळानं ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "मले पाणी दे वं, सुमे." जन्मात तिनं 'मले' म्हटलं नव्हतं, मला सुमे म्हटलं नव्हतं. ग्लानीत माणूस काहीही बोलतं, असं मी धरून चालले.

परवा शकू आली. ती पारशिवनीला असते, अजून शेतात जाते, गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. मोठ्या लाइनीचं काम संपत आलं, नवं स्टेशन उंचावर झालं, आता जुनी खोली पाडणार, असं तिला कळलं होतं. "पाडाच्या आधी एकदा पाहून येऊ वं," म्हणाली. आम्ही रिक्षा केली. रूळ तर कधीच उखडलेत. तिथून आता सिमेंटचा रस्ता जातो. खोलीचा पत्रा नव्हता, खिडकीत पिंपळ फुटला होता. पण एक पाहिलं. दिव्याच्या खोलीचा चौथरा आहे ना, तिथे येणारी-जाणारी माणसं अजून थांबतात. स्कूटरवरच्या मुली पाय टेकवतात, दोन्हीकडे बघतात, मग जातात. रूळ नाहीत, फाटक नाही, उतारही आता राहिलेला नाही. आमच्या रिक्षावाल्यानंही वेग कमी केला. मी त्याला विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, "का मालूम. इथं सारेच करतेत."

शकूनं उतरून पदर नीट केला आणि सिमेंटला म्हणाली, "माय, जाऊ का वं?" मग आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर मी तिला सांगितलं. साठ वर्षं घशात होतं ते चार वाक्यांत संपलं. आईनं विचारलं, मी येऊन राहिली म्हणाले, आईला वाटलं गाडी उभी आहे, आणि मी उठले नाही. तुझी माय माझ्यामुळे गेली. शकू ऐकत होती. तिचा चेहरा जसा होता तसाच राहिला.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुह्या खिडकीखालीच बसली होती. बोरं खाऊन राहिली होती. तुह्या मायनं पुसलं तेही आयकलं, तू बोलली तेही."

"मग तू इतकी वर्षं..."

"का बोलू? तू तं बरोबरच सांगतलं होतं. गाडी येऊनच राहिली होती ना? मले काही वाकडं वाटलंच नाई. काकू रुळावर काहून गेली, हे मले बम दिवस समजलं नाई. मंग काकूनंच समजावलं, वेणी घालता घालता."

मी म्हणाले, आई? आईला तर तेव्हा ऐकू येत नव्हतं, तू तिच्याशी बोलायचीस कशी?

शकू हसली. मोठं नाही, ओठातल्या ओठात. "तुमच्या घरात मी पैल्यांदा आली, त्या दिवशी काकू पाठमोरी होती. मी हळूच बोलली, काकू, मले माय पाह्यजे. तिनं लगेच वळून पाह्यलं. मी कोनाले सांगतलं नाई. तिनंही नाई. रोज हळूहळू बोलत होतो आमी. तुहा पाय वाजला का चूप. तिले सारं आयकू येत होतं, सुमे. सुई पडली तरी येत होतं."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. शकू जाऊन बसलीही. मी तिथेच उभी राहिले, कारण मला बेसाच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवत होती. आईनं ऐकलं होतं. ऐकून, थोडा वेळ घेऊन, तिनं मला माझ्या बोलीत उत्तर दिलं होतं, हळू आवाजात, मीही हळूच काहीतरी बोलावं म्हणून. मले पाणी दे वं, सुमे. पाणी मी दिलं, तेवढं मात्र लख्ख आठवतं. तिच्या डोक्याखाली हात घालून, पेला ओठांना लावून, शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं मी तिच्या कानात ओरडले होते, "घे, आई, पाणी."